गडवाटेवरच्या निवाऱ्याची दुरुस्ती: ऑगस्टच्या झडीपासून पुढच्या जूनपर्यंत

गडाचं नाव या लेखात मुद्दामच दिलेलं नाही. हरिहर गडाच्या पायऱ्यांचे व्हिडिओ फिरायला लागल्यापासून तिथे सुट्टीच्या दिवशी काय गर्दी होते, ते नाशिककरांना सांगायला नको. हा निवारा त्र्यंबक-इगतपुरी पट्ट्यात एका सोंडेवरच्या सपाटीवर आहे. पायथ्याच्या वाडीपासून दोन तासांचा चढ, शेवटचा टप्पा कातळातला. २० बाय १२ फुटांची जागा, लोखंडी अँगलचे सहा खांब, वर दोन्ही बाजूंना उताराचे पत्रे, तीन बाजूंनी साडेतीन फूट उंचीची दगडी भिंत आणि पूर्वेची बाजू उघडी. कधीतरी सरकारी निधीतून झालेलं बांधकाम, नंतर कुणाचंच नाही. असे निवारे आपल्याकडे बरेच आहेत. ते दुरुस्त करायची इच्छा असलेले गटही बरेच आहेत. पण अर्ज कुणाकडे करायचा आणि पत्र्याचा स्क्रू कुठे मारायचा, या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी लिहिलेल्या सापडत नाहीत, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पहिली गोष्ट, पाहणी भर पावसात करायची. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर इगतपुरीला तीन हजारांच्या वर. शहरातल्या गंगापूर रोडवर बसून त्या सोंडेवरच्या पावसाचा अंदाज येत नाही. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात वर गेलो तेव्हा निवाऱ्यात कोरडी जागा होती ती ईशान्य कोपऱ्यात, जेमतेम तीन माणसं बसतील एवढी. पत्रा गळतोय म्हणून पाणी आहे असं सगळेच धरून चालतात, पण तिथे पाणी तीन वाटांनी येत होतं. वरून गळती होतीच. पश्चिमेच्या अर्ध्या भिंतीवरून झड थेट आत येत होती. आणि सगळ्यात जास्त पाणी जमिनीवरून येत होतं: वरच्या उताराचं वाहतं पाणी भिंतीच्या पायाला अडून, दगडांच्या फटींतून आत शिरून कोब्यावर पसरत होतं. नुसते पत्रे बदलले असते तर पैसे जाऊन जमीन ओलीच राहिली असती.

त्या पाहणीत खडू आणि मोबाईल एवढंच लागतं. प्रत्येक गळतीच्या खाली कोब्यावर खूण करायची, त्या जागेच्या सरळ वर पत्र्याचा फोटो घ्यायचा. पाणी पडतं तिथेच भोक असतं असं मात्र नाही. ते पर्लिनच्या (पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्टीच्या) कडेने दोन-तीन फूट वाहत जाऊन मग टपकतं. म्हणून थेंबापासून उताराच्या वरच्या दिशेला शोधत जायचं. आम्हाला बहुतेक भोकं जे-हुकांच्या, म्हणजे पत्रा पर्लिनला धरून ठेवणाऱ्या वाकड्या हुकांच्या जागी सापडली. मूळ काम करणाऱ्याने हुक पत्र्याच्या खोलगट पन्हळीत मारले होते. पत्रा तिथे पर्लिनला टेकतो, त्यामुळे काम पटकन होतं. पण पाणी वाहतं तेही त्याच पन्हळीतून. डांबरी वायसर दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन तडकतं आणि मग प्रत्येक हुक म्हणजे एक नळ. स्क्रू किंवा हुक नेहमी उंचवट्यावर मारायचा.

पाऊस ओसरल्यावर, १२ ऑक्टोबरला, कोरडी पाहणी केली. यात लोखंड बघायचं असतं. हातोडीने खांबाला खालपासून वरपर्यंत ठोकत जायचं: चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं बद्द वाजतं. पश्चिमेचे दोन खांब कोब्याच्या पातळीला इतके गेले होते की स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. बाकीचे चार वरवर गंजलेले. खांब नेमका तिथेच का कुजतो? काँक्रीट आणि लोखंड यांच्यामध्ये बारीक फट पडते, तिच्यात पाणी साचतं आणि दिवाळीपर्यंत वाळत नाही. वरचा भाग वाऱ्याने वाळतो, म्हणून टिकतो. वरच्या कैच्या आणि पर्लिन शाबूत होते, त्यामुळे काम आपल्या आवाक्यातलं आहे असं वाटलं. मापं सेंटिमीटर आणि फूट दोन्हींत लिहून घेतली, कारण दुकानात पत्रा फुटात मिळतो आणि कागदावर मीटर लागतात.

आता कागद. आधी जागा कुणाची ते ठरवावं लागतं. महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा निघाला, पण निवारा नेमका कुठल्या गटात आहे हे त्यावरून कळत नाही. मोबाईलवर निवाऱ्याच्या चार कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश घेतले आणि ते घेऊन वनरक्षकांकडे गेलो. त्यांच्या नकाशावर जागा राखीव वनात निघाली. वनातल्या त्या भागाचा कक्ष क्रमांक मिळाला, आणि पुढच्या प्रत्येक कागदावर तोच लिहावा लागला. तेव्हा सातबाऱ्यामागे पळण्याआधी वनरक्षकांना भेटा, आठवडा वाचतो.

दुसरा प्रश्न पुरातत्त्वाचा. गड राज्य संरक्षित आहे, केंद्र संरक्षित आहे की कुठल्याच यादीत नाही, यावर पुढचं सगळं अवलंबून. केंद्र संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे दुरुस्तीलाही वेगळी परवानगी लागते. राज्याच्या यादीतल्या किल्ल्यांना १९६० चा महाराष्ट्राचा कायदा लागतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले आले, त्यांत आपल्या जिल्ह्यातला साल्हेर आहे आणि तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे आहे. तिथे कुणी असं काम मनावर घेत असेल तर वनखात्याच्या आधी पुरातत्त्व, हे लक्षात ठेवा. आमचा निवारा तटबंदीच्या बराच खाली, सोंडेवर. तरीही नाशिकच्या सरकारवाड्यात, म्हणजे राज्य पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयात अर्ज देऊन ‘सदर जागा संरक्षित हद्दीबाहेर आहे’ असं लेखी घेतलं. हा कागद नंतर दोनदा कामाला आला.

वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज ३ नोव्हेंबरला दिला. अर्जाची भाषा जपून लिहावी लागते. ‘बांधकाम’ हा शब्द एकदाही नको. वनजमिनीवर नवीन बांधकाम म्हटलं की १९८० चा वन संवर्धन अधिनियम आडवा येतो आणि प्रकरण तालुक्याच्या हातात राहत नाही. ‘अस्तित्वातील निवाऱ्याची, मूळ क्षेत्रफळात कोणताही बदल न करता दुरुस्ती’ हे वाक्य जसंच्या तसं वापरा. आम्हाला पश्चिमेची झड अडवायला भिंत उंच करायची होती. ती मिळाली नसती. त्याऐवजी ‘काढता येण्याजोगा पत्र्याचा आडोसा, बोल्टने’ असं लिहिलं, तो मंजूर झाला. अर्जासोबत मापांचं रेखाचित्र, आधीचे फोटो, साहित्याची यादी वजनासकट, काम करणाऱ्यांची नावं आणि आधारच्या प्रती, आणि वर कोणती अवजारं नेणार त्याची यादी. प्रती तीन. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. तोंडी ‘बघतो’ला पुढे काही किंमत राहत नाही.

मग थांबणं. स्थळपाहणी डिसेंबरात झाली. त्यानंतर एका कार्यालयात फाइल ग्रामसभेच्या ठरावासाठी थांबली आहे असं कळलं, आणि तेही स्वतः जाऊन विचारल्यावर. परिसर पेसा क्षेत्रात (ग्रामसभेला विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या आदिवासी भागात) असल्याने ठरावाला वजन असतं, आणि ते योग्यच आहे. वर काय होतं याचा त्रास किंवा फायदा वाडीलाच होतो. नियमित ग्रामसभा २६ जानेवारीला होती. तिच्या आधी सरपंच, पोलीसपाटील आणि वन समितीचे अध्यक्ष यांना भेटून साधं सांगितलं: काम काय, पैसे कुणाचे, मजुरी कुणाला. सभेत दोनच प्रश्न आले. निवारा झाल्यावर वर दारू पिणारे वाढतील त्याचं काय, आणि गुराख्यांना पावसात तिथे बसू देणार की नाही. दुसऱ्याचं उत्तर सोपं होतं, निवारा आधी त्यांचाच आहे. पहिल्याचं ठोस उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी मुक्कामाला येणाऱ्यांनी वाडीतल्या वहीत नाव लिहायचं असा मुद्दा ठरावात घातला.

मंजुरीचं पत्र २० फेब्रुवारीला हातात आलं आणि आनंद होण्याआधीच अटींकडे लक्ष गेलं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम. म्हणजे वर वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, जनरेटर नाही, चूल नाही. वाळलेल्या गवतात एक ठिणगी पुरते, त्यामुळे अट शंभर टक्के बरोबर होती. पण आमच्या अंदाजपत्रकातली खांबांची दुरुस्ती वेल्डिंगवर होती. ती सगळी बोल्टवर आणली, आणि आता वाटतं की परवानगी असती तरी असंच करावं. जनरेटर वर चढवणं हा एक वेगळाच खर्च आहे, आणि कड्यावर आग्यामोहळं असतात. धूर आणि घरघर दोन्ही त्यांना चालत नाही. जुन्या पत्र्यांबद्दलची अट बऱ्याच जणांना माहीत नसते: ते सरकारी मालमत्ता आहेत. भंगारात घालून पैसे कामात वापरू असं मनातही आणायचं नाही. मोजून, पंचनामा करून परिक्षेत्र कार्यालयात जमा करायचे आणि पोच घ्यायची.

खरेदी मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात केली. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या डेपोंतून पत्रा मापात कापून मिळतो, त्यामुळे वर कापाकापी उरत नाही. अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत पत्रा घ्या. दुकानदार ०.३५ दाखवतो, स्वस्त आणि हलका म्हणून. सोंडेवरच्या वाऱ्यात तो स्क्रूच्या डोक्याभोवती फाटतो. दोन्ही उतारांना मिळून आठ फुटी १४ पत्रे लागले, एकेक अकरा-बारा किलोचा. आडोशासाठी तीन फुटी ७. वरच्या वळणासाठी २२ फूट रिज. खांबांसाठी ६५ बाय ६५ बाय ६ चे दोन अँगल, प्रत्येकी तीन फूट, त्यांना १२ मिलिमीटर बोल्टची चार-चार भोकं नाशिकलाच पाडून घेतली. जुने खांब ७५ चे होते, त्यांच्या आतल्या कोनात ६५ चा अँगल नीट बसतो. वर फक्त जुन्या खांबाला भोकं पाडायची, नवा अँगल साच्यासारखा धरून. त्याला बॅटरीचं ड्रिल पुरतं.

काँक्रीटचं गणित कागदावर करून घ्यावं, कारण प्रत्येक किलो कुणाच्या तरी डोक्यावरून जाणार असतो. दोन खांबांच्या बुडाला १५ बाय १५ इंच आणि दीड फूट खोल असे ठोकळे धरले तर दोन्हींचं मिळून पावणेपाच घनफूट होतं. १:२:४ च्या मिश्रणाला सिमेंटची एक गोणी, अडीच घनफूट क्रश सँड, पाच घनफूट खडी. वजन पावणेचारशे किलोच्या घरात. गोणी पायथ्यालाच फोडून सिमेंट प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पिशव्यांत पंधरा-पंधरा किलो भरलं. खडी वरच फोडता आली असती असं कुणीही म्हणेल. वनातला दगड उचलायची परवानगी नव्हती, म्हणून खडीही खालूनच गेली.

पत्रे वर नेणं हे सगळ्यात अवघड काम. वजनाने नाही, वाऱ्याने. सकाळी अकरानंतर दरीतून वारा वर चढायला लागतो आणि आडवा धरलेला पत्रा माणसाला कड्याकडे ओढतो. पहाटे पाचला निघायचं, दहाच्या आत शेवटचा पत्रा वर आणि दगडाखाली दाबलेला. दोन पत्रे एकावर एक, मध्ये गोणपाट, दोन बांबूंना काथ्याने बांधून दोघांनी खांद्यावर घ्यायचे. पत्र्याची कड उभी ठेवायची, म्हणजे पत्रा वारा अंगावर कमी घेतो. कातळटप्प्यावर मात्र एकेक पत्रा दोरीने वर ओढला. हातमोजे कातडी हवेत. कापडी मोजा पत्र्याच्या कडेला कागदासारखा फाटतो. वाडीतली माणसं चुंबळीवर पंधरा किलो घेऊन आपल्या दीडपट वेगाने चढतात. त्यांना मध्येच थांबवून फोटो काढू नये, त्यांची लय मोडते.

मजुरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहितो. श्रमदान हा शब्द शहरातल्यांनी स्वतःपुरता ठेवावा. वाडीतल्या माणसाची हजेरी बुडते, त्याला पैसे द्यायलाच हवेत, आणि त्याच संध्याकाळी. आम्ही माणशी ६०० रुपये आणि जेवण दिलं. गवंड्याला १,२०० रुपये रोज, आणि तोही मिनतवारीने मिळाला. सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिक-त्र्यंबकमध्ये कुशल हाताला मागणी आहे.

खर्च असा झाला. पत्रे आणि रिज १७,७०० रुपये, स्क्रू १,८००, अँगल-बोल्ट आणि भोकं पाडणं २,९००, सिमेंट-सँड-खडी १,४५०, रेड ऑक्साईड (गंजरोधक थर) आणि रंग १,७००, पायथ्यापर्यंत टेम्पो २,८००, वाहतुकीची आणि मदतीची हजेरी १४,४००, गवंडी २,४००. एकूण ४५,१५० रुपये. म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश पैसा वस्तू वर नेण्यात गेला. वर्गणी काढताना बहुतेक गट हाच आकडा धरत नाहीत आणि सामान पायथ्याला पडून राहतं. पावत्या सगळ्या जपल्या, एक संच परिक्षेत्र कार्यालयात दिला.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू केलं ते चरापासून. छप्पर सगळ्यांना दिसतं म्हणून तिकडे हात आधी जातो, पण जमिनीवरून येणारं पाणी थांबवणं हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठा फरक पाडणारा भाग होता. उताराच्या बाजूने, भिंतीपासून दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि नऊ इंच खोल चर. उतार पन्नास फुटांना एक फूट. पाण्याची नळी घेऊन पातळी काढली, नजरेवर भरवसा नको. चराचं टोक उघड्या कातळावर सोडलं; मातीत सोडलं तर दोन पावसांत तिथे घळ पडते आणि वाट वाहून जाते. निघालेला मुरूम भिंतीच्या पायाला दाबून बसवला, भिंतीकडून चराकडे उतार देऊन. दुसऱ्या बाजूला, म्हणजे चराच्या वर टाकला असता तर पहिल्याच पावसात परत चरात आला असता.

खांबांचं काम एका वेळी एकच. आधी कैचीखाली दोन लाकडी टेकू पाचर मारून घट्ट बसवायचे, मग खांबाला हात लावायचा. कुजलेला भाग करवतीने कापला, खड्डा खणला, नवा अँगल चार बोल्टने जुन्याला जोडला, ओळंबा बघितला आणि काँक्रीट भरलं. ठोकळ्याचं डोकं कोब्यापेक्षा सहा इंच वर ठेवलं आणि चारही बाजूंना उतार दिला, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही. मूळ कामात ही एवढी गोष्ट असती तर खांब अजून वीस वर्षं टिकले असते. पाणी मारायला वर कोण राहणार? ठोकळ्यांना गोणपाट गुंडाळून ते ओलं ठेवलं. वाडीतला एक गुराखी दादा रोज सकाळ-संध्याकाळ दोन तांबे ओतायचा. सात दिवस झाल्यावरच टेकू काढले.

मग छप्पर. जुना पत्रा काढून लगेच पर्लिनला तारेच्या ब्रशने घासून रेड ऑक्साईड दिला. पत्रा चढल्यावर ती जागा पुन्हा कधीच उघडी मिळत नाही. नवे पत्रे पूर्वेकडून लावायला घ्यायचे आणि पश्चिमेकडे सरकायचं. आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पश्चिमेचा पत्रा वर आणि त्याची उघडी कड पूर्वेकडे तोंड करून. उलटं लावलं तर वारा त्या कडेतून पाणी आत कोंबतो. बाजूला दोन पन्हळी एकावर एक.

स्क्रूचं काम कुणालाही येतं असं वाटतं, आणि तिथेच छप्पर बिघडतं. खालच्या रबरी वायसरकडे बघत स्क्रू आवळायचा. रबर धातूच्या टोपीबाहेर किंचित फुगून दिसलं की थांबायचं. त्याच्या पुढे अर्धा फेरा गेला तर रबर चिरतं, उंचवटा दबून खळगा होतो आणि त्या खळग्यात पाणी साचून नेमकं त्या चिरेतून उतरतं. कमी आवळला तर वाऱ्याने पत्रा थरथरून भोक मोठं होतं. ड्रिलचा क्लच कमी ताकदीवर ठेवून शेवटचे फेरे हातपान्ह्याने दिले. मधल्या पर्लिनवर एक सोडून एक उंचवटा पुरतो. वळचणीला, रिजला आणि दोन्ही टोकांना प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू हवा. वारा छप्पर मधून उचलत नाही, कडेने सोलतो. रोज संध्याकाळी पत्र्यावरचा लोखंडी चुरा झाडूने झाडून काढला. तो राहिला की रात्रीच्या दवात गंजतो आणि रंगात तांबडे ठिपके पडतात. पुढे तिथूनच पत्रा जातो. चालताना पाय नेहमी स्क्रूच्या ओळीवर, म्हणजे खाली पर्लिन असतो. आणि कमरेला दोर, छप्पर जमिनीपासून फक्त सात-आठ फुटांवर असलं तरी.

पश्चिमेचा आडोसा भिंतीच्या वर लावला आणि पत्र्याखाली नऊ इंचांची फट सोडली, हवा खेळायला. झड थांबणं हा त्याचा अर्धाच फायदा. वाऱ्याची बाजू उघडी असली की वारा आत शिरून छप्पर खालून ढकलतो आणि वरचा वारा ते ओढतो, दोन्ही एकाच दिशेने. ती बाजू बंद आणि पूर्व उघडी राहिली की हा जोर बराच कमी होतो.

शेजारच्या टाक्याला हात लावला नाही. गाळ काढायची हौस सगळ्यांना असते, पण टाकी कोरीव आहेत, त्यांचा विषय पुरातत्त्वाचा, आणि एप्रिल-मेमध्ये त्या तळाच्या पाण्यावर भेकर, वानरं आणि पाखरं जगतात. टाक्यात ब्लीचिंग पावडर टाकणं तर सोडूनच द्या. पाणी आपल्या भांड्यात शुद्ध करायचं: फडक्याने गाळून एक मिनिट खळखळ उकळवा, नाहीतर क्लोरीनची अर्ध्या ग्रॅमची गोळी वीस लिटरला टाकून अर्धा तास थांबा. शौचाला टाक्यापासून निदान दोनशे फूट लांब आणि टाक्याच्या उतारावर तर नाहीच.

मेच्या मध्यावर वळीव आला आणि वाऱ्याने वाडीतल्या दोन घरांची कौलं उडाली. दुसऱ्या दिवशी वर जाईपर्यंत धाकधूक होती. पत्रे जागेवर होते. रिजच्या एका जोडात मात्र पाणी उतरलं होतं, कारण तिथे दोन तुकड्यांचा जोड चारच इंचांचा बसला होता. तो उघडून सहा इंच केला आणि मध्ये ब्युटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घातली. सिलिकॉन लावू नका, धुळकट पत्र्यावर ते एका उन्हाळ्यात सोलून येतं. जूनच्या शेवटी जोरदार पावसात पुन्हा खडू घेऊन गेलो. छप्पर आणि जमीन कोरडी, नैऋत्य कोपऱ्यात आडोशाच्या कडेने थोडी झड येते.

आता देखभाल. गुहांमध्ये राहणाऱ्यांना हे कमी लागतं. धोडपची गुहा किंवा हरिहरचं कोठार यांना पत्रे नाहीत आणि स्क्रूही नाहीत. पण तिथेही ओलीचा प्रश्न असतो. बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये बहुधा मऊ तांबडा थर असतो आणि पाझर तिथूनच येतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही काही आठवडे भिंती घाम गाळतात. आत चूल पेटवली की काजळी त्या ओलीवर बसते ती पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही. पत्र्याच्या निवाऱ्यात चूल पेटवण्याचं नुकसान वेगळं: धूर आणि उष्णतेने खालचा रंग सुटतो. गॅस न्या. उरलेला सरपणाचा ढीग निवाऱ्यात रचून जाऊ नका, पुढच्यांची सोय म्हणून करतात पण त्याखाली फुरसं किंवा घोणस बसते. उरलेला भात-खिचडी भिंतीमागे टाकली की उंदीर, आणि उंदरांमागे पुन्हा तेच.

वर्षातून दोनदा जायचं. मेच्या शेवटी चर साफ करायचा, सगळे स्क्रू हाताने चाचपायचे, खांबांची बुडं बघायची. ऑक्टोबरात पुन्हा चर, रंग सुटलेल्या जागा घासून रेड ऑक्साईड, आणि भिंतीतले सुटलेले दगड. यातलं चराचं काम अर्ध्या तासाचं असतं आणि तेच सगळे विसरतात. सामानाची पेटी वर ठेवली नाही, वर ठेवलेलं फावडं टिकत नाही. ती वाडीत वन समितीच्या अध्यक्षांच्या पडवीत आहे: ३० जादा स्क्रू, आठ मिलिमीटरचा पाना, ब्युटाइल टेपची गुंडाळी, बांधायची तार, कातडी मोजे, थापी, फावडं, अर्धा लिटर रेड ऑक्साईड, तारेचा ब्रश. मुक्कामाची वहीही तिथेच.

उरलेलं काम म्हणजे उत्तरेच्या भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी भरणं, आणि नैऋत्य कोपऱ्याचा आडोसा दोन फूट वळवणं. दुसऱ्या कामाला पुन्हा अर्ज लागेल, कारण पहिल्या पत्रात ते माप नाही. तो ऑक्टोबरच्या पाहणीनंतर लगेच टाकायचा, म्हणजे २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधी स्थळपाहणी होऊन जाते.